वाकटी उभी राहते

तुमच्यापुढे कोणी हातभर लांबीचा एक वाळका पट्टा आणून टाकला, ज्याच्या अंगावर एक खवला नाही, शेपटाला माशासारखा पर नाही आणि तोंडात मात्र सुयांसारखे दात आहेत, आणि विचारले की हा मासा की साप, तर तुम्ही कशावरून सांगाल? विकणारी कोण आहे त्यावरून? आधी कोण ओरडले त्यावरून? की खाली बसून, हातात घेऊन, स्वतःच्या डोळ्यांनी बघून?

घाईने उत्तर देऊ नका. आमच्या लोणावळ्याच्या बाजाराने एकदा असे घाईने उत्तर दिले होते.

परवा वडगावहून लोणावळ्याला गेले. मी शिकवते त्या शाळेला सुट्टी लागली होती. स्टेशनातून बाहेर पडले आणि वाऱ्याबरोबर तो वास आला. खारट, उग्र, थोडा धुरकट. आगोट सुरू झाली होती.

बाहेरच्यांना आगोट म्हणजे काय ते सांगावे लागते. मावळात पाऊस एकदा बसला की उठत नाही. वाटा चिखलात जातात, ओढे माणसाला पलीकडे जाऊ देत नाहीत, बाजार नावालाच भरतो. म्हणून वैशाख सरत आला की चार महिन्यांची बेगमी करायची. कोणी सरपण रचते, कोणी घर शाकारते, दारोदार बांबूच्या कामट्या सोलून पावसात डोक्यावर घ्यायची इरली विणत बसलेली माणसे दिसतात. करवंदांनी पोरांची तोंडे काळीनिळी झालेली असतात. मिरच्या, कांदे, मीठ घरात येते. आणि घाटाखालून येते सुकी मासळी. ती आढ्याला टांगायची, चुलीच्या धुरात ठेवायची, आणि आषाढात बाहेर काही दिसेनासे झाले की निखाऱ्यावर भाजून भाकरीबरोबर खायची. समुद्र आमच्यापासून एका घाटाच्या अंतरावर, पण आम्हाला तो सुकाच ठाऊक होता.

त्या सुक्या समुद्रात माझी सगळ्यात ओळखीची होती वाकटी. चपलेच्या वादीएवढी रुंद, तितकीच पातळ, राखाडी चंदेरी. झावळीच्या पातीने जुडी बांधलेली. आई ती विस्तवावर धरी तेव्हा ती पिळवटून वर उठे, आणि आम्ही भावंडे ओरडायचो, "जिवंत झाली, जिवंत झाली!" मग आई ती हातावर चुरडून कांद्यात टाकायची. वाकटीला डोके असते, डोळे असतात, ती कधी काही खात असेल, असले आमच्या मनातही आले नव्हते. दोरी, वादी, वाकटी, सगळ्या एकाच गोत्राच्या.

ज्या वर्षाची गोष्ट डोक्यात घर करून बसली आहे, त्या वर्षी घाटात विजेची इंजिने नुकतीच धावू लागली होती. आमचे अण्णा इंजिनशेडमध्ये फिटर. मी सातवीच्या व्हर्नाक्युलर फायनलला बसून निकालाची वाट पाहत घरी होते. निकालाची वाट पाहणाऱ्या मुलीच्या अंगात जेवढी रग असते तेवढी कुठल्याच सैन्यात नसेल. त्यात मी वाढले पत्रकांवर. गाडीच्या डब्यांत लोक टाकून जात ती पत्रके अण्णा घडी करून खिशात घालून आणायचे. मिठाच्या करावरची, दारूबंदीवरची, विहिरी सर्वांना खुल्या करा म्हणणारी, विधवांच्या केशवपनावरची. इतर मुलींच्या तोंडी ओव्या असत, माझ्या तोंडी "बंधुभगिनींनो, जागे व्हा!" असे.

त्या आगोटीला सुकी मासळी विकणारी पारूमावशी नेहमीप्रमाणे कुरवंड्याच्या घाटाने चढून वर आली. गाडीने येणे तिला परवडत नसे, आणि परवडले तरी तिच्या पाट्या डब्यात कोण घेणार? खाडीकाठी माल घ्यायचा, पाटी डोक्यावर ठेवायची आणि नागाने फणा काढावा तशा दिसणाऱ्या नागफणीच्या कड्याखालून वर यायचे, बरोबर आणखी दोघी-तिघी. बाजारात जांभळाच्या झाडाखाली तिची जागा ठरलेली होती. तिच्या सासूचीही तीच होती. बोलणे घाटाखालचे, पण इतकी वर्षे वर येऊन त्यात मावळ मिसळलेला.

त्या साली तिच्या पाटीत एक नवल होते. नेहमीच्या जुड्यांबरोबर मोठाल्या वाकट्या होत्या. हातभर लांब, मनगटाएवढ्या रुंद, शेपूट निमुळते होत होत दोऱ्यासारखे झालेले, आणि डोकी शाबूत. "खाडीवर यंदा लय घावल्या," ती म्हणाली, "इतक्या की वाळत घालाया जागा नव्हती." लोकांनी कौतुकाने घेतल्या. कुरवंड्याच्या दगडूआबांनीही घेतल्या. दगडूआबा म्हणजे गावातले जुने, जमीनजुमल्याचे, शब्दाला वजन असलेले माणूस.

पुढच्या बाजारी आबा आले ते पानात काहीतरी गुंडाळून. पारूमावशीपुढे त्यांनी ते पान उलगडले. आत एक डोके होते. जबडा उघडा, खालचा वरच्यापेक्षा पुढे आलेला, आणि दात असे की बघताच माणूस हात मागे घेईल.

"पारे, हे काय खाया घातलंस मला?"

"वाकटी हाय ना आबा. यंदा मोठी हाय."

"वाकटी? वाकटीला असलं दात? आमी नागफणीच्या पायथ्याला ऱ्हातो, पारे. नागपंचमीला आमच्यात कुनी चुलीवर तवा ठेवत न्हाई, ईळीला हात लावत न्हाई. आन् तू मला त्योच रांधाया दिलास? रातभर वकलो मी. आतडं भाईर यायचं ऱ्हायलं."

गर्दी जमली होतीच. मागून कोणी तरी म्हणाले, "आबा, पर खाताना ग्वाड लागला का न्हाई?"

"लागला!" आबा ओरडले. "त्येचंच तर दुक हाय!"

लोक हसले, पण आबा हसले नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. तो राग नव्हता, भीती होती. ज्या देवाच्या फणीखाली आपण जन्म काढला त्यालाच आपण शिजवून खाल्ले, ही भीती. आणि भ्यालेल्या मोठ्या माणसाइतके वाईट बाजारात दुसरे काही नसते, कारण त्याची भीती सगळ्यांना पटते. बघता बघता कालपर्यंत जुड्या नेणाऱ्या बायका पदर नाकाला लावून मागे सरल्या. एकीला आठवले की तिच्याही पोटात गुरगुरले होते. दुसरीला आठवले की चव वेगळीच होती. बाजार बघणारी चार वडीलधारी माणसे बसली आणि त्यांनी सांगून टाकले: पारूने पाटी उघडायची नाही. पुढच्या बाजाराला हा मासा आहे असे दाखवून द्यावे. नाही दाखवता आले तर जांभळाखालची जागा गेली, आणि घाट चढून पुन्हा वर यायचे नाही.

"मासा हाय म्हंजे मासा हाय," पारूमावशी म्हणाली. "आता त्याला बोलाया लावू काय मी?"

सगळ्यांना माहीत होते की आगोटीच्या या थोड्या बाजारांवर तिचे वर्ष चालते. पाऊस आला की राहिलेला माल मऊ पडणार, त्याला बुरशी येणार. खाली परत नेऊनही तो कोण घेणार? आणि जागा गेली की पुढची आगोट कुठली?

आईने तिला आमच्या चाळीच्या पडवीत ठेवून घेतले. शेजारणीने नाक मुरडले, "वास येतो हो." आई म्हणाली, "चार महिने तुमच्या कालवणातून येतो तेव्हा बरा चालतो."

मी मात्र पेटले होते. त्याच दुपारी पत्रक लिहायला बसले. "लोणावळ्याच्या नागरिकांनो!" अशी सुरुवात. अंधश्रद्धा, गरिबांवरचा जुलूम, स्त्रीजातीची विटंबना, सगळे त्यात आले. माशांवरही एक परिच्छेद होता. समुद्रात ही मासळी थवा करून, एकजुटीने, खांद्याला खांदा लावून फिरते, तिच्यापासून तरी माणसांनी शिकावे, असा. अण्णा शेडमधून आले तेव्हा मी ते त्यांना खड्या आवाजात वाचून दाखवले. ते हात धूत ऐकत होते.

"सगळं आहे गं यात," ते म्हणाले. "मासा कुठाय?"

"म्हणजे?"

"तू पाहिलायस का तो?"

"रोज खाते मी तो, अण्णा!"

"खाल्लास. पाहिलायस का?"

मी पत्रक खाली ठेवले. खरे सांगते, अण्णांनी माझ्या कुठल्याही लिखाणावर याहून मोठी टीका आजवर केलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात पितळेची परात घेतली, कोमट पाणी घातले, आणि त्यात एक मोठी वाकटी सोडली. शेजारी एक नेहमीची, लहान. पारूमावशी उंबऱ्यावर गाल हातात धरून बसली होती. "कालवन करतेस का काय?" एवढेच म्हणाली.

बराच वेळ काही झाले नाही. ऊन परातीत आले. मग पाण्यावर एक चकाकी पसरू लागली, इतकी पातळ की फुंकर मारली असती तर हलली असती. बोट लावले तर बोट चंदेरी झाले. वाळून करडे पडलेले अंग हळूहळू भरत होते, सुरकुत्या जात होत्या. आणि मग तिच्या पाठीवर काहीतरी उठले.

डोक्याच्या मागून सुरू होऊन पार शेपटीच्या दोऱ्यापर्यंत, आखडून अंगाला चिकटलेला एक पर होता. तो पाण्याने सुटला, उभा राहिला. शेकडो बारीक काड्या, त्यांच्यामध्ये ताणलेला झिरझिरीत पडदा. मी परात किंचित हलवली तेव्हा त्यावरून एक लाट गेली, डोक्याकडून शेपटीकडे. वाऱ्याने भाताच्या खाचरावरून जावी तशी. मी श्वास धरून बसले होते. नुसते पाणी मिळाल्याबरोबर मेलेली, वाळलेली, विकली गेलेली वस्तू आपण कोण आहोत ते सांगू लागली होती.

"अगं बाय गं," पारूमावशी परातीवर वाकली. "इतकी वरसं डोक्यावर वाह्यली, अशी नव्हती बघितली."

मग आम्ही दोघी बघतच सुटलो. गालावरची झडप उचलली तर आत कल्ले, फणीच्या दातांसारखे, रांगेने. साप श्वास घेतो नाकाने, त्याला कल्ले कुठले? सरपणाच्या ढिगात सापाची कात सापडली होती, ती मी शेजारी ठेवली. तिच्या पोटावर आडव्या पट्ट्या, अंगभर खवले. वाकटीचे अंग मात्र तान्ह्या मुलाच्या गालासारखे गुळगुळीत. पोटाखाली हात फिरवला तर बारीक काटे टोचले. डोळ्याची खोबण केवढी मोठी! आणि ज्या लहान वाकटीला आम्ही जन्मभर वादी समजत होतो, तिच्याही पाठीवर तोच पर उठला होता, तोच पुढे आलेला खालचा जबडा, तेच दात, फक्त इतके बारीक की त्यावर बोट फिरवल्याशिवाय कळणार नाहीत. लहान ती, मोठी ती, एकच जात. आम्ही खात होतो ती कोवळी पोरे होती.

अण्णांबरोबर शेडमध्ये कोळसा भरणारे हसनचाचा संध्याकाळी परात बघायला आले. तरुणपणी ते गलबतावर खलाशी होते, आणि त्यांच्या गोष्टीतले निम्मे खोटे असते असा शेडमध्ये समज होता. ते म्हणाले, "ही? ही समुद्रात पोहत नाही. उभी राहते."

"उभी?" अण्णा म्हणाले. "हसनभाई, आज काय घेतलंत?"

"कसम घ्या. शेपूट खाली, तोंड वर. एक नाय, अख्खी पलटण. दोरीवर धुणं वाळत घालावं तशी. दिवसाढवळ्या, ऊन पाण्यात शिरलेलं असतं तेव्हा बघितली. पाणी हलत नाय, त्या हलत नाय. नुसता पाठीवरचा तो पडदा हलतो. आणि वरून बारकी मासळी गेली, की सगळ्या एकदम, फट्! परत उभ्या, जसं काय झालंच नाय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि ऐक पोरी. गळाला एक लागली आणि आपण वर ओढली ना, तर तिच्या शेपटीला दुसरी चिकटून येते."

"तिला सोडवायला?" मी विचारले.

हसनचाचा इतके हसले की त्यांना खोकला आला. "खायला गं! खायला!"

अण्णांनी माझ्याकडे पाहिले. आत टेबलावर माझे पत्रक होते, खांद्याला खांदा लावून.

मला ते पटले नव्हते. दुसऱ्या दिवशी मी मोठी वाकटी कापली, खरे म्हणजे हसनचाचांना खोटे पाडायला. बहुतेक मोठी मासळी पोट साफ करूनच वाळवतात, पण ही तशीच वाळवलेली होती. पोट उघडले तेव्हा वासाने मी मागे सरले. आणि आत, दुमडून, घडी घालून ठेवल्यासारखी, एक लहान वाकटी होती. तिचा डोळा, तिचा पर, सगळे ओळखू येत होते.

पत्रकांनी मला दोन गोष्टी शिकवल्या होत्या: जग जुलमी आणि गांजलेले यांत वाटलेले आहे, आणि आपण कोणत्या बाजूला ते ठरवायचे. ही मासळी थव्याने राहते, एकीच्या अंगाला दुसरीचे अंग, एका क्षणी वळते, एका क्षणी झडप घालते, आणि त्याच थव्यात आपल्याच जातीची कोवळी पोरे खाते. हिला कोणत्या बाजूला घालू? तिला कोणी अन्याय शिकवला नव्हता, आणि तिच्यात धर्मही नव्हता. ती आमच्या उपदेशासाठी जन्मली नव्हती. आमच्या बाजारासाठीही नाही. त्या विचाराने मला भीती वाटली, आणि भीतीच्या आतून काहीतरी मोठे, मोकळे वाटले. समुद्रात आपल्याला न विचारता एवढे चालले आहे!

पण अंगणात एक अडचण बसून होती. पारूमावशीलाही तो वास आला होता. तिने दुसरी मोठी वाकटी हुंगली, तिसरी हुंगली, आणि खाली ठेवली.

"पोट न काढता वाळवल्यान मेल्यांनी," ती पुटपुटली. "मीठ म्हाग, मानसं कमी, मासळी बक्कळ. मी वाळलेलीच घेतली गं. बघाया हवी हुती."

"म्हणजे आबांचं पोट दुखलं ते खरं," मी म्हणाले. "मावशी, हे बाजारात सांगायला हवं."

ती एकदम उसळली. "का म्हून? मासा हाय का विचारल्यानी, मासा हाय म्हून दावीन. वास येतो का, कोनी विचारला?"

"पण खरं काय ते..."

"तुजं खरं तुज्या पाटीत घाल, बाय. माज्या पाटीत वाकट्या हायत, आन् त्या मला इकायच्या हायत."

मी गप्प बसले नाही, हे तुम्ही ओळखलेच असेल. पुढच्या बाजारापर्यंत आमचे रोज भांडण झाले. आई म्हणायची, या दोघींपेक्षा ती परातीतली बरी, तोंड उघडे पण आवाज नाही.

बाजाराच्या दिवशी जांभळाखाली परात ठेवली. नव्याने भिजवलेली दुसरी मोठी वाकटी, लहान वाकटी, सापाची कात. दगडूआबा आले आणि धोतर सावरून उकिडवे बसले. त्यांनी आधी परातीला हात जोडले, मग वाकून पाहिले.

"आबा, हा पर बघा. सापाला असतो का असा?"

आबांनी बोट पुढे केले, मागे घेतले, पुन्हा पुढे केले. परावरून लाट गेली.

"हे तर..." ते म्हणाले. "हे तर वाऱ्यावर हलतंय जनू. ह्ये कवा हुतं त्येला?"

"तुम्ही खाल्लीत तिलाही होतं."

मी झडप उचलून कल्ले दाखवले. कात हातात दिली. लहान वाकटी मोठीशेजारी धरली. पोटातून निघालेली तिसरी दाखवली तेव्हा मागचे लोक एकमेकांच्या खांद्यावरून वाकू लागले.

"म्हंजी आपल्याच लेकरास्नी खातो ह्यो?"

"खाते, आबा."

"आन् ही, मानसानी खाल्ली न्हाई तवा, समिंद्रात काय करती?"

मी हसनचाचांचे नाव घेऊन सांगितले की उभी राहते. कोणी हसले नाही. परातीत एवढे पाहिल्यावर काहीही खरे असू शकेल असे सगळ्यांना वाटू लागले होते.

आबांनी कात खाली ठेवली. मग त्यांनी तो प्रश्न विचारला. माझ्याकडे न बघता, पारूमावशीकडे बघून. "पारे, साप न्हाई ह्ये कळलं. मग मी वकलो का?"

मी ओठ घट्ट मिटून घेतले. भांडून भांडून मी दमले होते म्हणून नव्हे. हे उत्तर माझे नव्हतेच. वडीलधारी माणसे ऐकत होती. तिने नुसते "तुमी लय खाल्ल्या आसल" म्हटले असते तरी सगळे हसले असते, आणि पाटी उघडली असती.

पारूमावशीने पाटीवरचे फडके काढले. मोठ्या वाकट्या एकेक करून बाहेर काढल्या. "पोट न काढता वाळवल्यात ह्या," ती म्हणाली. "मी घेताना हुंगल्या न्हाईत. मासा मासाच हाय, आबा. पर ह्यो मासा चांगला न्हाई." आणि त्या सगळ्या कवेत घेऊन ती बाजारामागच्या खड्ड्याकडे चालू लागली. तिचे वर्ष त्यात होते, निदान अर्धे तरी. जाताना माझ्या अंगावर खेकसली, "बघतेस काय? कुदळ आन!"

आम्ही परत आलो तेव्हा आबा अजून परातीपाशीच बसले होते. "साप न्हाई ना पर?" त्यांनी पुन्हा विचारले. "न्हाई," ती म्हणाली. आबांनी लांब श्वास सोडला. "मग वकलो तर वकलो. बारक्या जुड्या दे चार. आन् त्या हुंगून दे."

जांभळाखालची जागा राहिली.

पारूमावशी खाली उतरली तेव्हा मी तिच्याबरोबर कुरवंड्यापर्यंत आणि तिथून नागफणीच्या कड्यापर्यंत गेले. पाऊस दाराशी आला होता. कड्यावर वारा असा की उभे राहायला जोर लावावा लागत होता. खाली सगळे कोकण धुरकट, आणि दूर त्या धुराच्या कडेला एक चंदेरी पट्टा, वाकटीसारखा.

"समुद्र!" मी ओरडले.

"ती खाडी हाय," पारूमावशी म्हणाली. "दर्या त्याच्या पल्याड. हितून न्हाई दिसत."

ती पाटी घेऊन उतरू लागली. मी तिथेच उभी राहिले, आणि न दिसणाऱ्या समुद्राचा विचार करत राहिले. शेपटीला पर नाही म्हणजे ती वेगाने पळायला घडलेली नाही. पाठभर पर आहे म्हणजे एकाच जागी, हवी तशी, तोल धरून राहायला घडलेली आहे. खालचा जबडा पुढे, डोळे मोठे, म्हणजे जे हवे ते वरून येते, उजेडात, आणि ही खालून बघते. हसनचाचा निम्मे खोटे सांगत असतील, पण हे त्यांनी खरे सांगितले होते. तिचे शरीरच ते सांगत होते. त्या खाडीच्या पलीकडे, या घटकेला, उन्हाच्या तिरप्या खांबांमधून, हजारोंच्या हजारो उभ्या असतील. आवाज नाही. एकही हलत नाही. प्रत्येकीच्या पाठीवरून ती लाट मात्र चाललेली, थांबत नाही. वर तोंड करून त्या वाट बघत आहेत, आणि ती वाट बघणे कोणी बघत नाही. मला हात जोडावेसे वाटले, आणि मी, पत्रकांवर वाढलेली, जोडले.

अजूनही मी ते डोळ्यांनी पाहिलेले नाही. पुण्याला शिकायला होते तेव्हा एका जाड ग्रंथात तिचे चित्र सापडले, खाली लॅटिन नाव होते. चित्रातली आडवी होती. मला ते चित्र चुकीचे वाटले.

पाऊस पडला, गेला, आगोटी आल्या आणि गेल्या. बाजाराने पारूमावशीची जागा ठेवली, पण भीती पूर्ण गेली नाही. आजही काही घरे वाकटीचे नाव घेत नाहीत. बोट दाखवून "त्ये लांबडं द्या" म्हणतात, जसे रात्री सापाला म्हणतात. आणि आता नवीनच निघाले आहे. उन्हाळ्याला हवा खायला येणाऱ्या बंगलेवाल्यांना वास सोसवत नाही, म्हणून सुक्या मासळीवाल्या बायकांना गटारापलीकडे, उकिरड्याच्या बाजूला बसवायचे घाटत आहे. परवा मी गेले तेव्हा पारूमावशी जांभळाखाली होती. केस पांढरे झाले आहेत. मी विचारले, "मावशी, उठवतात म्हणे?" ती म्हणाली, "उठवू देत. आदी बसून तर घेते." पण जुडी बांधताना तिचे हात थांबत होते. ज्या बंगल्यांमधून तक्रार गेली, त्यांच्याच स्वयंपाकघरातून संध्याकाळी मोलकरणी येतात आणि पदराखाली जुड्या लपवून मागच्या दाराने नेतात, हे तिला माहीत आहे. मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे.

म्हणून तुम्हाला एक विनंती आहे, आणि ती वाचून सोडून देण्यासाठी नाही. पाऊस यायच्या आधी अजून बाजार भरायचे आहेत. येत्या बाजाराला तुम्ही स्वतः या, भर उजेडात. जांभळाखाली या आणि पारूमावशीपुढे उकिडवे बसा. जुडी हातात घ्या, झडप उचलून कल्ले बघा, पोट दाबून हुंगा. वाईट असेल तर तिच्या तोंडावर सांगा, ती ऐकून घेईल. चांगली असेल तर नाव घेऊन मागा, "मावशी, वाकटी दे," आणि जरा मोठ्याने मागा, बाजार बघणाऱ्यांच्या कानावर जाईल असे. मग ती जुडी हातात उघडी धरून, स्टेशनच्या रस्त्याने, पुढच्या दाराने घरी न्या.